डोळे मिटून फिरलेलं चाक

लिफ्टमध्ये माणसाने नेमकं कुठे बघावं याचा निर्णय अजून कुठल्याच समाजाने घेतलेला नाही, त्यामुळे तो नेहमीप्रमाणे फोनकडे बघत होता, आणि तेवढ्यात बायकोचा निरोप आला. ‘अप्पांना दुपारी डॉक्टरकडे न्यायचंय. मला सुटता येत नाही. तुम्ही न्याल?’ अप्पा म्हणजे त्याचे सासरे. त्याने विचारलं, ‘काय झालं?’ उत्तर आलं, ‘हात थरथरतो म्हणतात. मला तर काही दिसलं नाही. चाक तुमच्या कॉम्प्युटरवर फिरतं आणि घरी फिरत नाही, म्हणजे खोट हातातच आहे, असं सकाळपासून चाललंय. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरला.’ लिफ्ट थांबली. दार उघडलं. मागून कुणीतरी म्हणालं, “साहेब, उतरताय ना?” तो बाजूला सरकला, पण उतरला नाही. त्याचा मजला आला आणि गेला. लिफ्ट वर जात राहिली, आणि त्याच्या मनात आलं, की ही वर जाते ती कुठेतरी दुसरं वजन खाली उतरतं म्हणून. फुकटात वर काही जात नाही. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असण्याचाच तो पगार घेत होता. चहाचा कप दोन्ही हातांनी. अप्पांनी. कानाच्या पाळ्या आधी गरम झाल्या, मग मान, मग छातीत काहीतरी बसलं आणि बसूनच राहिलं. लाज नावाची गोष्ट लहानपणीच कधीतरी मागे पडली, असं त्याला वाटत आलं होतं. आखूड झालेल्या विजारींबरोबर. ती तशी पडलेली नव्हती. ती वरच्या मजल्यावर त्याची वाट बघत उभी होती.

जागेवर येऊन बसला तेव्हा पडद्यावर कालचा ड्रम होता. त्याची कंपनी वॉशिंग मशीन बनवते, आणि त्याचं काम असं, की मशीन बनण्याआधी तिला कॉम्प्युटरवर फिरवून बघायचं. ओले कपडे एका बाजूला गोळा झाले तर ड्रम कुठे थडथडेल, कुठला खिळा आधी सुटेल, मशीन नाचत नाचत न्हाणीघराच्या दारापर्यंत जाईल की मध्येच थांबेल, हे सगळं तो खुर्चीत बसून सांगत असे. प्रत्यक्षातलं वॉशिंग मशीन त्याने जन्मात उघडलेलं नव्हतं. घरचं बिघडलं की मेकॅनिक यायचा, आणि बायको त्याला आवर्जून सांगायची, “आमचे हे याच खात्यात आहेत बरं का,” आणि मेकॅनिक त्याच्याकडे अशा आदराने बघायचा की ज्यात आदराचं प्रमाण फार नसायचं. पण पडद्यावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नवीन लागलेल्या पोरीपोरांना तो पहिल्याच आठवड्यात समोर बसवून सांगायचा, “हे बघा, कॉम्प्युटर फिरणारी वस्तू आपल्यासारखी सलग बघत नाही. तो डोळे उघडतो, वस्तू कुठे आहे आणि किती वेगात आहे ते टिपतो, आणि डोळे मिटतो. मधल्या वेळात ती सरळच गेली असणार, असं धरून चालतो. मग पुन्हा डोळे उघडतो. डोळे अगदी क्षणभर मिटले तर काही बिघडत नाही. पण काम लवकर उरकावं म्हणून तुम्ही त्याला लांब डुलकी काढायला सांगितली, तर गोल फिरणारी वस्तू प्रत्येक डुलकीत वाटेवरून जराशी बाहेर सरकते. प्रत्येक वेळी थोडा जोर तिला कुठूनही न येता मिळतो. मग थांबायला हवं ते फिरतं, आणि फिरायला हवं ते उडतं.” त्यांच्या धंद्यात याला ‘भूत लागणं’ म्हणत. भूत लागलं की पहिलं काम एकच: डुलकी निम्मी करायची आणि पुन्हा चालवून बघायचं. एका पोराने ते न करता साहेबांसमोर भुताचाच निकाल मांडला होता, तेव्हा यानेच त्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, “कॉम्प्युटर खोटं बोलत नाही रे, पण त्याला झोपेत विचारलंस तर तो झोपेतलंच उत्तर देणार. झोपवलं कुणी?” पोरगं मान खाली घालून उभं होतं. त्याचे लालभडक कान आज त्याला लख्ख आठवले. आपण तेव्हा किती छान बोललो होतो, हेही आठवलं.

अप्पांचा धंदा तराजूंचा. म्हणजे बनवणं थोडं आणि दुरुस्ती फार. सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे, धान्याच्या गोदामातले राक्षसी. काट्याची दांडी जिच्यावर झुलते ती धार बोथट झाली की माल त्यांच्या दुकानात यायचा, आणि अप्पा डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास असे बसायचे, की गिऱ्हाईक शिंकायलाही बाहेर जायचं. आयुष्यभर दोन्ही पारडी समान करण्यात घालवली, आणि दुकान मुलीच्या आग्रहावरून बंद केल्यावर या गृहस्थांनी जे चाक मनावर घेतलं, त्याच्या दोन बाजू कधीच समान होता कामा नयेत, ही त्यातली मुख्य अट. उजवी बाजू सदैव जड, डावी सदैव हलकी. म्हणजे चाक आपलं पडतंच राहणार, पडत पडत फिरतच राहणार, ना वीज ना तेल. “जमीन सगळ्यांना फुकट खाली ओढते,” अप्पा म्हणत, “मग तिच्याकडून थोडं काम करून घ्यायला काय हरकत आहे? माझ्याकडून तिने काय कमी करून घेतलंय? गुडघे बघ माझे.” अप्पांचा हात हा घरात देव्हाऱ्यासारखा विषय होता. डाव्या तळहातावर एक वस्तू, उजव्यावर एक, डोळे मिटायचे, आणि सांगायचं कुठली जड. मग काटा काढून बघा. बायको लहानपणी हा खेळ खेळत वाढली होती. घरात जे कुणी नवीन येईल त्याला अप्पा हीच परीक्षा देत, मग तो पाहुणा असो, भाडेकरू असो की मांजर.

यालाही दिली होती. लग्न करायचं दोघांनी आपापसात ठरवलेलं होतं, सांगायला म्हणून तो तिच्या घरी गेला होता. नवा सदरा, नवा घाम. अप्पांनी काही न बोलता दोन पुड्या त्याच्या तळहातांवर ठेवल्या, एक पांढऱ्या कागदाची, एक निळ्या. “कुठली जड?” त्याला दोन्ही सारख्याच वाटल्या. पण सारख्या म्हणणं पळपुटेपणाचं वाटेल म्हणून त्याने ऐटीत सांगितलं, “पांढरी.” अप्पांनी काटा लावला. निळ्या पुडीचं पारडं असं धाडकन खाली गेलं, जसं काही त्याची अब्रूच त्यात टाकली होती. अप्पा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते मुलीकडे वळून म्हणाले, “हाताला कळत नाही ग याच्या.” आणि मग, मोठ्या मनाने, “असू दे. शिकलेला आहे.” त्यानंतर सगळी वर्षं ते त्याला ‘जावईबापू’ म्हणत आले, ‘तुम्ही’ म्हणत आले, खुर्ची पुढे करत आले. त्या खुर्चीत बसताना दर वेळी त्याला वाटायचं, की हा मान आपला नाही. हा आपल्या न कळणाऱ्या हाताचा आहे, लंगड्याला आधी वाट देतात तसा.

म्हणून चाक घेऊन अप्पा त्याच्याकडे आले तेव्हा त्याला आतून गुदगुल्या झाल्या होत्या, हे खोटं कशाला सांगायचं. “जावईबापू, तुमच्या त्या डब्यात हे फिरवून बघता येईल का? प्रत्येक वेळी घडवून बघायचं म्हणजे माझं पितळ फुकट जातं.” त्याने मोठ्या गांभीर्याने चष्मा पुसला. पहिल्या चाकाला बिजागरीच्या काड्या होत्या, टोकाला वजनं. वर आल्या की उलगडायच्या, खाली गेल्या की मिटायच्या. त्याने ते पडद्यावर मांडलं, डुलकी अगदी बारीक ठेवली, आणि चालवलं. चाक थोडं फिरलं, थोडं मागे आलं, जेवण झालेल्या माणसासारखं डुललं, आणि जड बाजू खाली टाकून स्वस्थ बसलं. दुसऱ्यात तिरक्या खणांतून घरंगळणाऱ्या गोळ्या. तेही बसलं. मग पाऱ्याच्या नळ्या, मग साखळी, मग एक असं चाक ज्याच्या पोटात दुसरं चाक होतं. एकूणएक बसली. तो समजावून सांगायचा, “अप्पा, एका बाजूला वजनं लांब आहेत खरी, पण दुसऱ्या बाजूला संख्येने जास्त आहेत. हिशेब फिटतो.” अप्पा पडद्याकडे भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, “तुमच्या डब्याला खाली कुठे आहे ते नीट शिकवलंय ना?” किंवा, “याला आणखी जरा वेळ द्या, नवीन आहे, बुजलं असेल.” पण चिडत नसत. थांबलेल्या चाकावर तराजूवाल्याने काय म्हणून चिडावं. थांबलेल्या काट्याकडे बघण्यातच जन्म गेलेला. कागद घडी करायचे आणि म्हणायचे, “पुढचं बघू.” बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, “दोघं मिळून एखादं थांबणारं काहीतरी शोधा, मिक्सर थांबत नाहीये.” खरं तर हे सगळं किती चांगलं चाललं होतं. कुणी कुणाला फसवत नव्हतं. पृथ्वीसुद्धा आपलं काम नेकीने करत होती.

आणि मग ती संध्याकाळ. त्यांना बाहेर जायचं होतं, बायको तयार होऊन दारात चपला घालत होती, आणि अप्पा नवा कागद घेऊन आले. सरकत्या पितळी वजनांचं चाक, सुंदर रेखाटलेलं. त्याने घाईघाईत ते मांडलं, आणि उत्तर झटकन यावं म्हणून डुलकी लांब केली. मुद्दाम केली. म्हणजे फसवायला मुद्दाम नव्हे, उरकायला मुद्दाम. माणूस आपल्याच मनाशी वकिली करायला लागला की असे बारीक भेद त्याला फार सुचतात. चाक सुरू झालं. डुललं. बसणार असं वाटलं, आणि बसलं नाही. दुसरा फेरा पहिल्यापेक्षा जरा जोरात झाला, तिसरा दुसऱ्यापेक्षा. त्याच्या लगेच लक्षात आलं. कोपऱ्यातला जोराचा आकडा चढत होता, जो चढायला नकोच होता. भूत. एका नजरेत ओळखता येईल असं, पोरांना शिकवताना दाखवतात तसं नमुनेदार भूत. तोंड उघडलंही होतं त्याने. “अप्पा, थांबा, हे” इतके शब्द ओठांवर तयार होते. तेवढ्यात पाठीवर हात पडला. एवढ्या वर्षांत अप्पांनी त्याला हात लावला नव्हता. तो हात खांद्याच्या हाडावर असा टेकला, की त्याचं नेमकं वजन त्याला कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कशाचं तरी वजन नेमकं कळत होतं. “फिरतंय,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पातळ झाला होता. “बाळा, फिरतंय रे.” बाळा. रे. तो गप्प बसला. बायको दारातून म्हणाली, “निघायचं ना?” आणि तो म्हणाला, “हो, निघू या,” आणि कॉम्प्युटर बंद केला, जसं काही काळोखात चाकाला थांबायची लाज वाटणार नाही.

सांगू, असं ठरवलं होतं. पुढच्या वेळी आले की सांगू. पुढच्या वेळी ते आले नाहीत, कारण घडवायला बसले होते, फोन आला, “बाळा, धुरा कितीची घेतली होतीस रे तू?” आणि त्याने मुकाट्याने माप सांगितलं. मग बागेतल्या बाकावरची त्यांची म्हातारी मंडळी होती. “फिरलं का हो चाक?” “फिरतंय. जावयाच्या कॉम्प्युटरवर.” “मग आम्हालाही तिथेच बसवा, आमचंही काही चालेनासं झालंय.” अप्पा हसत, पण जावई हा शब्द उच्चारताना त्यांची छाती पुढे येई, असं बायकोने कौतुकाने सांगितलं. त्या रात्री ती त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघत होती, आणि त्याला ती नजर आवडली होती, आणि ती आवडल्याबद्दल आता, या खुर्चीत, पडद्यावरच्या थडथडत्या ड्रमसमोर, त्याला स्वतःचे पाय टेबलाखाली लपवावेसे वाटले. त्याचा हिशेब असा होता: अप्पा चाक घडवतील, ते बसेल, अप्पा धुरेला दोष देतील, तेलाला देतील, हवेला देतील, कागद घडी करतील, म्हणतील, पुढचं बघू. मांडणी अगदी शास्त्रशुद्ध होती. त्यात एकच गोष्ट धरायची राहिली होती: ज्या माणसाचा विश्वास दोनच गोष्टींवर आहे, त्याला एक खरी म्हणून दाखवली तर तो दुसरीवर संशय घेणार. कॉम्प्युटर खरा, तर मग हात खोटा. पारडं आहे ते. एक बाजू वर उचललीस ना तू? मग दुसरी खाली जाणारच, गाढवा.

अप्पा दवाखान्यात घडी घातलेला सदरा घालून आले होते, आणि उजवा हात डाव्या हातात घेऊन बसले होते, दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखा. आत जाताना वजनाच्या यंत्रावर उभं केलं तेव्हा ते फक्त एवढंच पुटपुटले, “हे जास्त दाखवतंय,” आणि लगेच, “किंवा नसेलही. मला आता काय कळतंय.” एरवी त्यांनी ते यंत्र तिथल्या तिथे उलटं केलं असतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्यांनी अप्पांना बोट नाकाला लावायला सांगितलं, गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला सांगितली, हात पुढे पसरायला लावून बोटांवर पातळ कागद ठेवला. कागद हलला नाही. खिडकीच्या पडद्याची झालर हलत होती, डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन हलत होतं; त्या खोलीत न हलणारा तेवढा एक कागद. “आजोबा, हात ठणठणीत आहे की! माझासुद्धा एवढा स्थिर नाही.”

“मग चाक का फिरत नाही?”

“कसलं चाक?”

अप्पांनी त्याच्याकडे बोट केलं. “यांनी कॉम्प्युटरवर फिरवून दाखवलंय. इंजिनिअर आहेत. मी तीनदा सोडवून पुन्हा जुळवलं. थांबतं. केसभर चूक आहे कुठेतरी, आणि ती माझ्या हाताला सापडत नाही.” डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना पदार्थविज्ञान शाळेपुरतं येत असणार. तेवढं पुरेसं होतं. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि मोठ्या सभ्यपणाने खाली आल्या. इथेच बोलायला हवं होतं. तो म्हणाला, “किती झाले तुमचे?”

गाडीत मात्र बोलला. सिग्नलला उभं असताना, समोरच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे बघत. “अप्पा, हातात काही खोट नाही. चाकातही नाही. ते फिरणारंच नव्हतं.”

“म्हणजे?”

“कॉम्प्युटर चुकला होता.” एवढं म्हणून त्याला वाटलं झालं, आणि मग स्वतःचीच इतकी किळस आली की काच खाली करावी लागली. “कॉम्प्युटर नाही. मी. घाईत चालवलं, लांब डुलक्या काढू दिल्या त्याला, त्यामुळे ते आपोआप जोर धरत गेलं. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही.”

सिग्नल सुटला, मागच्याने भोंगा वाजवला. मग अप्पांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. “चांगल्या मनाचा आहेस, बाळा.”

“अप्पा, मी खरं सांगतोय.”

“हो रे, हो.” ते खिडकीबाहेर बघत होते. “माझे वडील म्हातारे झाले, त्यांच्या बोटांना काट्याची धार कळेना. मी त्यांना काय सांगायचो माहीत आहे? काटाच खराब आहे, बाबा. हल्लीचं पोलाद पूर्वीसारखं राहिलं नाही. रोज नवीन काटा खराब. तेही मान हलवायचे. त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे मला कळत होतं.” त्यांनी पुन्हा गुडघ्यावर हात ठेवला. “एवढंच, की ते माझे सख्खे वडील होते. तू जावई असून इतकं करतोयस.”

“तुम्ही घरी चला, मी पुन्हा चालवून दाखवतो. नीट. तुमच्यासमोर थांबेल ते.”

“थांबेल की. फिरवायचं म्हटलं तर फिरवलंस, थांबवायचं म्हटलं तर थांबवशील. तुझ्या हातात आहे ते.” आणि हे त्यांनी टोमण्याने म्हटलं नाही, अभिमानाने म्हटलं. त्याला त्या क्षणी गाडी कुठल्याही भिंतीवर नेऊन घालावीशी वाटली; पण त्या रस्त्याला भिंत नव्हती, नुसती दुकानं होती. त्याने एकदा खरं गिळलं तर खोटं खरं ठरलं होतं, आणि आता खरं ओकत होता तर ते दयाळू खोटं ठरत होतं. अशा सोयीचा काटा कुणी घडवला असता तर अप्पांनी तो दुकानात ठेवून घेतला नसता.

अप्पांच्या मागच्या खोलीत चाक उभं होतं. पडद्यावर अशी चाकं त्याने कितीतरी पाहिली असतील, पण हे पहिल्यांदा बघत होता, आणि कुणी सांगितलं नव्हतं की ते इतकं देखणं असेल. जुन्या पारड्यांचं पितळ कापून केलेली वजनं, सळयांवर लोण्यासारखी सरकणारी. धुरा अशी बसवलेली, की फुंकर मारली तरी चाक जागचं हलेल. कुठेच केसभरही चूक नव्हती. हे त्यालासुद्धा दिसत होतं. अप्पांनी कपाटातून एक लाकडी पेटी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. आत मखमलीच्या खळग्यांतून वजनं बसली होती, मोठ्यापासून पापणीच्या केसाएवढ्या पत्र्यापर्यंत, शेजारी चिमटा. “घे. माझ्या वडलांची आहेत. मला आता उपयोग नाही.”

“अप्पा, नको.”

“अरे घे. हाताला नसेल कळत तुझ्या, मनाला कळतं.” ते स्टुलावर बसले आणि एकदम हसले. “पहिल्यांदा आलास तेव्हा दोन पुड्या दिल्या होत्या तुला, आठवतं?”

“आठवतं,” तो म्हणाला. आठवतं!

“आज मला दे बघू. शेवटचं.”

टेबलावर खिळे, स्क्रू, पितळेचा कीस पडला होता. त्याने हाताला येईल ते दोन कागदांत बांधलं. एक कागद पांढरा मिळाला. दुसरा निळा मिळाला, तो त्याने मुद्दाम शोधला नव्हता. अप्पांनी तळहात पुढे केले, डोळे मिटले. पुड्या ठेवल्यावर ते बराच वेळ तसेच बसून राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. अप्पांचे ओठ किंचित हलत होते. “निळी,” ते शेवटी म्हणाले. “अगदी थोडी. पण निळी.” डोळे उघडून त्यांनी पुड्या त्याच्यापुढे धरल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समजूतदार, इतकं हरलेलं हसू होतं की ते बघवेना. “म्हण आता बरोबर. तू बरोबरच म्हणणार.”

त्याने पुड्या आपल्या हातांत घेतल्या. ‘बरोबर’ हा शब्द जिभेवर आयताच होता. तो म्हणायला काही मोल पडत नव्हतं, आणि तो खरा असण्याचा संभवही दांडगा होता. पण पुड्या हातात होत्या आणि हात काहीतरी सांगत होते. त्याने डोळे मिटले. खूप प्रयत्न केला. पुन्हा पुन्हा तेच. “अप्पा,” तो म्हणाला, “मला पांढरी जड वाटते.”

“काय?”

“पांढरी.”

“पांढरी?” अप्पा स्टुलावरून उठले. “पांढरी जड वाटते? तुला?” त्यांचा आवाज चढला. “अरे, आंधळ्याला कळेल, झोपलेल्याला कळेल! पांढरी म्हणे! माझ्यासमोर? माझ्या दुकानात?” दुकान बंद होऊन किती काळ लोटला होता, हे त्या क्षणी दोघांनाही आठवलं नाही. “त्या वेळीही पांढरीच म्हणाला होतास! थांब. थांब जरा. काढतोच काटा.” आणि त्यांनी कपाटावरून काचेची पेटी खाली काढली, एकट्याने, काखेत धरून, फडक्याने काच पुसली, पायांचे स्क्रू फिरवून पातळी साधली, धारेवर दांडी अलगद उतरवली आणि श्वास रोखला. दोन बोटांत धरून पुड्या पारड्यांत ठेवल्या, जणू झोपलेली पाखरं. काटा इकडे गेला, तिकडे गेला. दोघंही बघत होते. काटा सावकाश, अगदी थोडा, पण निःसंशय, निळीकडे कलून थांबला.

“बघ!” अप्पा ओरडले. “बघ, बघ! काय म्हणालो मी? अगदी थोडी, पण निळी! हाताला कळत नाही तुझ्या, कधी कळणारही नाही, लाख शिकलास तरी!” त्यांचा चेहरा उजळला होता, तरुण दिसत होता, आणि त्यालाही मूर्खासारखं हसू फुटलं. मग अप्पांचं हसू तसंच राहिलं आणि त्यामागचं काहीतरी हललं. त्यांनी आपला हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मान वळवून चाकाकडे पाहिलं. मग परत काट्याकडे, जो अजून थांबलेलाच होता. हिशेब मांडणाऱ्या माणसाचे डोळे कसे दिसतात हे त्याला माहीत होतं. तो उभा राहिला, कारण बसून ते झेपलं नसतं.

“म्हणजे गाडीत बोललास ते.”

“हो.”

“मला बरं वाटावं म्हणून नव्हतं ते.”

“नाही.”

“तेव्हाच माहीत होतं? मी पाठीवर हात ठेवला तेव्हा?”

“त्याच्या आधी,” तो म्हणाला. “हात ठेवला म्हणून गप्प बसलो.”

अप्पांनी मान हलवली. रागाने नव्हे, मापात बसणारी गोष्ट मापात बसल्यावर हलवतात तशी. त्यांनी लाकडी पेटी उचलली, झाकण मिटलं, कडी लावली आणि ती कपाटात पुन्हा जागेवर ठेवली. मग चाकापाशी गेले आणि त्याला हलका धक्का दिला. पितळ चमकत फिरलं, वजनं मऊ आवाज करत सरकली, चाक डुललं, मागे आलं, आणि जड बाजू खाली घेऊन, ज्या जागी थांबायला हवं नेमकं त्या जागी थांबलं. अप्पा ते थांबणं बघत राहिले. “काम मात्र चोख झालंय,” ते चाकाला म्हणाले.

मग ते वळले. आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना ओलावा. नुसती खुर्ची पुढे केल्याचा सूर होता. “बसा, जावईबापू. चहा करतो. चहा घेऊन जा.”

त्यांनी चहा आणून दिला, एका हाताने. बशीत थेंबही सांडला नव्हता. त्याने कप घेतला. कप त्याला भलताच जड वाटला. पण त्याच्या हाताला काही कळत नाही, हे तर आता काट्यावरच ठरलं होतं.